निरोप कोण नेणार?

ग्रीक शोकांतिका शिकवून मी संसार केला, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कुठं? विलायतेत?" नाही हो, नगरला. उन्हाळ्यात डोकं भाजणाऱ्या आणि पावसाळ्यात स्वतःचाच आवाज ऐकू येणार नाही अशा पत्र्याच्या बराकीत. दिवाळी अंकवाल्यांना प्राध्यापकाच्या आठवणी म्हणजे गमती हव्या असतात. कॉपी करताना सापडलेली मुलं, विसरभोळे प्राचार्य, झालंच तर एखाद्या फजितीची गोष्ट. त्या माझ्याकडेही पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की डोळ्यांसमोर यशवंत येतो, बराकीच्या दाराबाहेर चपला काढून उभा असलेला, आणि इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो. म्हणून गमती यंदा राहू देत.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. नगरला नवं कॉलेज निघालं आणि मी पुण्याहून इंग्रजी शिकवायला आलो. वय कोवळं, कोट कडक आणि डोक्यात ग्रीक राजे. अभ्यासक्रमात एक शोकांतिका होती, मूळची ग्रीक, आमच्यापर्यंत इंग्रजीतून आलेली. समोर बसलेली मुलं पाथर्डी, नेवासा, सुपा इकडची. बहुतेकांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस. त्यांना परीक्षेपुरत्या टिपा हव्या होत्या आणि मला त्यांना हादरवून सोडायचं होतं.

हा धंदा बाहेरून दिसतो तेवढा सोपा नाही बरं का. आमचा माल म्हणजे शब्द आणि गिऱ्हाईक सक्तीचं. ते ऐकतंय की जांभई देतंय हे बोहनीलाच कळतं, पण कळलं तरी घंटा होईपर्यंत दुकान बंद करता येत नाही. नाटकाची गोष्ट मी त्यांना अशी सांगितली: एक राजा हुकूम काढतो. हुकमामागे त्याचं म्हणून काही कारण असतं. तो मोडणाऱ्याकडेही कारण असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. राजा हट्टाला पेटतो आणि शेवटी त्याच्याच घरात मरण शिरतं, आधी मुलगा जातो, मग राणी. मी हे आवाज चढवून, हात वर करून सांगितलं आणि वर्ग स्तब्ध होण्याची वाट पाहिली. सुप्याचा एक मुलगा उठला.

"सर, या राजाला समजावायला चार शहानी मानसं न्हवती का?"

"होती. त्याने ऐकलं नाही."

"मंग आमच्या गावासारखंच हाय की," असं म्हणून तो खाली बसला आणि वर्ग खो खो हसला. मी मनातून चिडलो. अडीच हजार वर्षांपूर्वीचं एवढं भव्य दुःख आणि याला गावची चावडी आठवते!

त्या नाटकांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रीक लोक रंगमंचावर कुणाला मारत नसत. खून असो, आत्महत्या असो, सगळं आत, प्रेक्षकांच्या नजरेआड. मग एक निरोप्या बाहेर येतो आणि काय घडलं ते सांगतो. त्याला नावसुद्धा नसतं. पण नाटकातलं सगळ्यात अवघड भाषण त्याच्या वाट्याला येतं. राजा पडला तर नाटक लंगडतं, निरोप्या पडला तर नाटक मरतं, हे माझं दरवर्षीचं वाक्य. मुलांना ते पाठ झालं होतं.

त्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात या नाटकाचा शेवटचा भाग करायचं ठरलं. मराठी मी केलं, कामं मुलांनी वाटून घ्यायची. मुलींना स्टेजवर यायला घरून परवानगी मिळण्याचे ते दिवस नव्हते, म्हणून राणीसाठी करीम ठरला. तो अत्तरवाल्यांचा मुलगा, नाकीडोळी नीटस. निरोप्याचं नाव निघताच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "केरू!" केरूचा आवाज असा की पत्र्यावर पाऊस कोसळत असला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मीही खूश झालो.

केरू उभा राहिला. "सर, हे काम मला नगं."

"अरे, सगळ्यात मोठं काम आहे हे."

"ठाव हाय, सर. माझा बाप हेच काम करीत हुता."

मला वाटलं, बाप तमाशात असावा. मी तसं कौतुकानं विचारायलाही गेलो. वर्गातल्या खेड्यांवरच्या मुलांनी मात्र माना खाली घातल्या होत्या.

"गावात मयत झालं की पाव्हन्यांना सांगावा न्यायचा," केरू म्हणाला. "मयत पाटलाचं असू द्या न्हाईतर वाण्याचं, सांगावा महारानंच न्यायचा. पायी. ऊन बगायचं न्हाई, पाऊस बगायचा न्हाई. तिथं गेल्यावर लांब उभं ऱ्हायचं, कुनी वरून पानी वतलं तर वंजळीनं प्यायचं. आमच्या लोकांनी बैठक घिऊन ही महारकी सोडली. बाबानंबी सोडली. त्यातनं सुटून मी हितं आलो, आन् हितंबी तेच काम!"

मी हबकलोच. निरोप्याला नाव का नसतं, या विषयावर मी तासभर बोलू शकत होतो. पण बिननावाचा निरोप्या नगर जिल्ह्यात वाटा तुडवत होता आणि त्याचा मुलगा माझ्यासमोर बसून टिपा उतरवत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खडू नुसताच हातात फिरवत राहिलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून यशवंत उठला. तो पाथर्डीकडचा, केरूच्याच गावच्या पाटलाचा मुलगा. एका गावचे असून ही दोघं एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिली नव्हती. "सर, ते काम मी करतो," तो म्हणाला. "केरूला राजा करा." वर्गात बाकं वाजली. केरूनं मागं वळून यशवंताकडं पाहिलं.

तालमी सुरू झाल्या. यशवंत निरोप घेऊन यायचा तो दवंडी पिटायला आल्यासारखा. "राजपुत्र मेला हो!" अशी आरोळी की करीमच्या डोक्यावरची ओढणी उडायची. चार दिवस केरूनं ते सोसलं. शेवटी कागदी मुकुट काढून ठेवला आणि उठला.

"यसवंता, असं न्हाई. मेला असं म्हनायचंच न्हाई. 'लई आजारी हाय, चला' एवढंच म्हनायचं. ऐकनाऱ्याला कळतं. पायातलं भाईर काढायचं. आन् रडायचं न्हाई. रडनं घरच्यांचं. आपुनच रडाय लागलो तर त्यांनी काय करावं?"

"तुझा बाप रडला न्हाई कधी?" यशवंतानं विचारलं.

"घरी आल्यावर. वसरीत बसून."

मी सांगितलं की ग्रीकांचं उलट असतं, त्यांचा निरोप्या घडलेलं सगळं उघड सांगतो. मग आम्ही दोन्ही जोडलं. सुरुवात केरूच्या बापाची, पुढचं ग्रीकांचं. माझ्या पल्लेदार मराठीच्या आधी "लई आजारी हाय" हे शब्द आले आणि एकदम माझं पुस्तकी मराठीही खरं वाटू लागलं.

एका शनिवारी यशवंत निरोप्यासाठी घोंगडं आणायला गावी गेला. सोमवारी तालमीला वेळेवर आला नाही. आम्ही त्याच्याविना सुरू केलं. करीम ओढणी सावरत होता, केरू मुकुट घालून बसला होता, आणि दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला. यशवंतानं चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यापलीकडेच उभा राहिला. अंगभर धूळ, खांद्यावर घोंगडं नाही.

"केरू," तो म्हणाला, "बाबा लई आजारी हाय. चल."

"वा, यशवंत!" मी म्हणालो. "अगदी असंच हवं. फक्त निरोप राणीला सांगायचा, राजाला नाही."

माझे हे शब्द हवेतच राहिले. यशवंत रडत होता. निरोप्यानं रडायचं नसतं, हे त्याला चांगलं शिकवलं होतं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. केरूनं मुकुट काढून करीमच्या हातात दिला.

"कवा?" त्यानं एवढंच विचारलं.

"पहाटं."

दोघं एकाच सायकलवर बसून गेले. यशवंत पुढं, केरू मागं. आयुष्यभर पुस्तकात वाचलेली गोष्ट समोर घडली आणि मी तिला शाबासकी दिली होती!

आठवडाही गेला नसेल, यशवंताचे वडील माझ्या खोलीत आले. पांढरं धोतर, भरघोस मिशा, फेटा. आवाज मात्र खालचा. "मास्तर, पोराचं नाव काढायला आलोय," म्हणाले. मी बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेवर टेकले आणि मी न विचारताच बोलू लागले.

"मागल्या साली माझी आई गेली. सावळाला, म्हंजी या केरूच्या बापाला, बोलावनं धाडलं. माझी भैन सोनाक्का नेवाशाच्या अंगाला दिलीय, तिला सांगावा न्यायचा हुता. त्यो आला, हात जोडले आन् म्हनला, पाटील, आता आमी हे काम करीत न्हाई. दुसरं कुनी जायना. ते काम आपलं न्हाई म्हनत्यात सगळी. मातीला भैन पोचली न्हाई, मास्तर. आईचं तोंड दिसलं न्हाई तिला. आजून माझ्याशी बोलत न्हाई."

"पण पाटील, तुम्ही स्वतः का नाही गेलात?"

ते माझ्याकडं पाहातच राहिले. मी काहीतरी अचाट बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी? सांगावा घिऊन?" एवढंच म्हणाले आणि पुढं सरकले. "मंग गावानं ठरवलं. त्यांना काम न्हाई, दुकान न्हाई, गिरनी न्हाई. त्यांच्यातली धडधाकट मानसं पोटासाठी भाईर गेली. आता सावळा गेला तवा नगरला पोराला कळवायला मानूसच ऱ्हायलं न्हाई. मी म्हनलं, आपल्यातल्या कुनी जायचं न्हाई. त्यांनी आपला नेला न्हाई, आपून त्यांचा न्यायचा न्हाई. आन् माझ्याच घरातनं हुकूम मोडला! महाराच्या पोराला सायकलीवर घिऊन वेशीतनं आत आला. सांगा, चूक कुनाची?"

हा माणूस शाळा किती शिकला होता कोण जाणे, पण माझ्या नाटकातला राजा जे बोलतो ते तो बोलत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हे मी फळ्यावर लिहून देत असे. इथं मला तसं म्हणवेना. माणसांचं पीठमीठ तोडणारा पाटील बरोबर नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सोनाक्काचं दुःख खोटं म्हणायलाही जीभ उचलेना. फळ्यावरची शोकांतिका सोपी असते हो. समोर बसून चूक कुणाची म्हणून विचारत नाही.

जाताना पाटील म्हणाले, "संमेलनाला मी येनार हाय. पोरगा स्टेजवर दिसला तर तिथनं वढून नेईन."

नाटक रद्द करावं असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात केरू परत आला. डोकं भादरलेलं, चेहरा उतरलेला. बापाची माती त्याला मिळाली होती, तोंड बघायला मिळालं होतं. यशवंताचं नाव काढल्याचं त्याला गावातच कळलं होतं.

"सर, निरोप्या मी करतो," तो म्हणाला.

"आणि राजा?"

"राजा कुनीबी करील."

"अरे, तूच तर नको म्हणाला होतास."

"तवा तुमी दिलं हुतं. आता माझं मी घेतोय. बाबाचा एक निरोप ऱ्हायलाय, सर." मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो तसं काहीतरी बोलतोय. मी पाठीवर हात ठेवला आणि सुप्याच्या मुलाला राजाचा मुकुट घातला.

संमेलनाला मैदानात गॅसबत्त्या लावल्या होत्या. पाटील खरंच आले होते, मागच्या बाजूला एकटे बसले होते. मी पडद्याआड नाटकाची वही घेऊन उभा. केरू आला. पायात चपला तशाच होत्या. कडेला थांबला नाही, सरळ करीमसमोर येऊन उभा राहिला. "राणीसाहेब, राजपुत्र लई आजारी हाय," म्हणाला, आणि मग कुणाचं काय झालं, कसं झालं, सगळं उघड सांगितलं. एकदाही आवाज कापला नाही. भाषण संपलं. आता निरोप्यानं जायचं आणि राणीनं काही न बोलता आत निघून जायचं, असं वहीत लिहिलेलं होतं.

केरू गेला नाही. थोडा थांबला आणि म्हणाला, "उशीर झाला, सोनाक्का. वेशीपतुर आल्तो. चिंचंखाली बसलो. हाक मारवली न्हाई."

मी वहीत बोट फिरवलं. असं वाक्य त्यात नव्हतं. लोकांना वाटलं, राणीचं नाव सोनाक्का असेल. करीम बिचारा गोंधळला आणि आत जायच्या ऐवजी तिथंच खाली बसला. टाळ्या पडल्या. मी फक्त मागच्या बाजूला पाहात होतो. पाटील उभे राहिले होते.

ते पडद्यामागे आले तेव्हा आता मारामारी होणार म्हणून मी मधे जाऊन उभा राहिलो. पाटलांनी मला हातानं बाजूला केलं.

"सावळा गेल्ता?"

"व्हय," केरू म्हणाला. "तुमची आई गेली त्याच रातीला निघाला. आईलाबी बोलला न्हाई. उजाडलं तवा सोनाक्काच्या गावच्या वेशीवर हुता. बाया पान्याला आल्या हुत्या. त्यात ती हुती. बाबानं बगितलं तिला."

"आन् हाक मारली न्हाई?" पाटलांचा आवाज फाटला. "तिथवर जाऊन हाक मारली न्हाई?"

"हाक मारली असती तर महारकी परत गळ्यात आली असती. समद्या गावच्या आमच्या लोकांनी शपथ घिऊन सोडल्याली. ती घागर घिऊन घरात जास्तवर बाबा बसला, आन् माघारी फिरला. सुट्टीत गेल्तो तवा मला एकट्याला सांगितलं. म्हनला, तू एवढा शिकतुयास, सांग, माझं बरूबर झालं का चुकलं?"

"तू काय म्हनला?"

"मला सांगता आलं न्हाई, पाटील."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याचा शिक्षक. मलाही सांगता आलं नसतं. पाटलांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. ते केरूच्या भादरलेल्या डोक्याकडं पाहात होते.

"सोनाक्काला हे ठाव न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई. मी जाऊन सांगू का?"

"न्हाई. तू जायाचं न्हाई." पाटलांनी फेटा सारखा केला. "त्यो सांगावा मी नेतो."

यावरून गावातली बंदी दुसऱ्या दिवशी उठली, असं कुणी समजू नये. गाव काय एकट्या पाटलाचं असतं? त्या बंदीनं पुढं बरेच दिवस माणसांना छळलं. यशवंत मात्र पुढच्या टर्मला येऊन आपल्या बाकावर बसला आणि त्याबद्दल त्याच्या घरून मला कुणी काही बोललं नाही.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करीम धावत माझ्या खोलीवर आला. बापाबरोबर माल घेऊन तो नाक्यावर गेला होता आणि तिथं त्याला पाटील दिसले होते. पाथर्डीकडची गाडी भरत होती, गाडीवाला त्यांना हाका मारत होता, पण ते चढले नाहीत. नेवाशाच्या रस्त्याला लागले.

"एकटेच?" मी विचारलं.

"हो सर, एकटेच. पायी."